अळंबी श्रावणात चालते का?

प्रश्न : आमच्या शेताच्या बांधावर वारूळ आहे. पावसानं जोर धरला की दरवर्षी तिथं अळंबी येते. सासूबाई श्रावणात ती चुलीवर चढू देत नाहीत, म्हणतात हे मटणासारखंच. मुलगी नववीत आहे, ती म्हणते अळंबी ही वनस्पती. खरं कुणाचं? आणि ऊन न लागता ती वाढते कशावर?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : ताई, हरल्या दोघीही, पण सासूबाई थोडक्यात हरल्या.

स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस, त्यानं 1753 साली वनस्पतींची मोठी यादी केली, तेव्हा बुरशी-अळंबीला शेवटच्या, चोविसाव्या वर्गात ढकललं. जमिनीतून उगवतं, चालत नाही, म्हणजे झाडच, असा सरळ हिशेब. आम्हीही शाळेत तेच घोकलं. 1969 मध्ये व्हिटेकर या अमेरिकन शास्त्रज्ञानं सजीवांच्या पाच सृष्टी मांडल्या आणि त्यात कवकांना, म्हणजे बुरशी-अळंबीला, स्वतःचं घर मिळालं. पुढं डीएनए तपासला, तर कवकं झाडांपेक्षा प्राण्यांच्या जवळची निघाली. अळंबीच्या पेशीभिंतीत कायटिन असतं, खेकड्याच्या कवचात असतं तेच. साठा स्टार्चचा नाही, ग्लायकोजेनचा, तुमच्या-माझ्या यकृतात असतो तसा. निवृत्त होईपर्यंत मी वर्गात दरवर्षी एक खेळ करायचो. बटाट्याच्या फोडीवर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकला की ती निळी-काळी पडायची, अळंबीचा तुकडा मात्र तांबूसच राहायचा. मुलीला घरी करू दे. त्या फोडी नंतर भाजीत घालू नका, एवढंच.

मटण नाही, भाजी नाही. श्रावणात चालते का, हे सांगणारा मी कोण? तो निकाल सासूबाईंचा.

आता उन्हाचं. मागं एका पावसाळ्यात जांबोटीजवळ एका शेतकऱ्यानं कुदळ बाजूला ठेवून हातानं माती काढत मला अळंबीचं मूळ दाखवलं होतं. वर छत्री टीचभर, पण दांडा खाली निमुळता होत हातभर गेला. शेवटी लागला एक तपकिरी गोळा. अक्रोडासारखा सुरकुतलेला, पोळ्यासारखा भोकाभोकांचा, हलका. त्यावर खसखशीसारखे पांढरे दाणे, आणि भोकांतून पळापळ करणारी वाळवी. शेतकरी म्हणाला, "गुर्जी, हे त्यांचं शेत."

शब्दशः खरं आहे ते. ऐन, किंजळ, जांभळाची वाळकी पानं, मेलेलं लाकूड वाळवी कुरतडून आत नेते. चावून, अर्धवट पचवून, विष्ठेच्या रूपात त्या गोळ्यावर थापते. लाकडातलं चिवट लिग्निन तिला एकटीला झेपत नाही, ते त्या गोळ्यावर वाढणारं अळंबीचं कवक फोडतं. मग वाळवी कवकाचे ते पांढरे दाणे आणि जुना झालेला गोळा खाते. ही शेती सुमारे 3 कोटी वर्षं चालू आहे. आपली दहा-बारा हजार वर्षांची. नाग वारुळात नंतर राहायला येतो, आयत्या बिळावर नागोबा, आणि पंचमीला दूध मात्र त्याला.

म्हणजे ऊन लागलंच, फक्त आडवाटेनं आणि उशिरा. गेल्या सालच्या पानांत साठलेलं ऊन यंदा तुमच्या कढईत येतं. मुलीच्या पुस्तकात गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार अशी साखळी असेल. ती चूक नाही, पण जंगलातला मोठा व्यवहार त्या रांगेत नसतो. झाडावरचं बहुतेक पान हिरवं असताना कुणी खातच नाही. ते गळतं, आणि खरी पंगत खाली बसते, बुरशीची, वाळवीची, गांडुळांची. प्रत्येक पंगतीत बरीचशी ऊर्जा जगण्यातच खर्च होऊन उष्णता म्हणून निघून जाते. रेमंड लिंडेमन या तरुण शास्त्रज्ञानं अमेरिकेतल्या एका तळ्यात हा हिशेब मांडला. 1942 साली त्याचा लेख छापून आला, तोवर सत्ताविशी गाठायच्या आतच तो गेला होता. पुढच्या पायरीला दहातलं एक, हा ठोकताळा त्या कामातून आला. ठोकताळाच, कायदा नव्हे. कुठं वीसातलं एक, कुठं पाचातलं एक. माती, पाणी, नत्र फिरून परत येतं. ऊर्जा येत नाही, तिला रोज सकाळी नवं ऊन लागतं.

प्रश्न : आम्ही अळंबी म्हणतो, शेजारी कन्नडमध्ये अणबे, गोव्याचे पाहुणे अळमी. एकच का? आणि शिजताना चांदीचं नाणं टाकलं तर विष कळतं का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : तिन्ही शब्द कुठल्याही छत्रीला लावतात, तिथंच घोटाळा आहे. वारुळावरच्या जातींची प्रजाती टर्मिटोमायसीस, म्हणजे वाळवीचं कवक. तिच्यातही जाती अनेक. आपण गावाचं नाव बेळगाव की बेळगावी यावर पिढ्या घालवल्या, तिकडं विज्ञानात प्रजाती आणि जाती अशा दोन शब्दांच्या नावानं काम भागतं. तिथंही बदल होतातच म्हणा. कीटकांत वाळवीचा वेगळा गण, म्हणजे मोठा गट, होता, 2007 पासून ती झुरळांच्या गणात धरतात. 'पांढरी मुंगी' तर ती कधीच नव्हती.

नाण्याचं म्हणाल, तर नाही. जीवघेण्या अळंबीतलं विष चांदीला काळं करत नाही आणि उकळूनही जात नाही. नाणं कपाटात राहू द्या.