वाचकांचे प्रश्न: बँड लवकर बंद केला तर नाव राहतं का?

प्रश्न: नमस्कार दादा, मी सोलापूरचाच, अशोक चौकाच्या मागं राहतो, वडील लूमवर होते. आमचा मेटल (रॉकमधला जड, जोरकस प्रकार) बँड आहे सात वर्षांपासून, मी ड्रम वाजवतो. गॅदरिंगमधनं सुरू झालं, मग पुण्यात तीनदा वाजवलं, हैदराबादला एकदा. आमची स्वतःची नऊ गाणी आहेत, रेकॉर्डिंग म्हणाल तर दोनच, ती पण मोबाईलवर. आता गिटारवाला पुण्याला आयटीत लागलाय आणि सिंगरचं लग्न ठरलंय. तो म्हणतो, "फॉर्मात आहोत तवरच बंद करू की बे, मोठे मोठे बँड म्हातारपणी वाजवत बसतात आन् स्वतःचंच नाव घालवतात, लवकर थांबले त्यांचंच नाव राहतं." मला पटत नाही पण उत्तर पण देता येईना. खरंच असं असतं का?
– एक ड्रमर, सोलापूर

उत्तर: मित्रा, पत्र दोनदा वाचलं. आधी तुझ्या सिंगरची बाजू घेतो, कारण त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. ॲट द गेट्स घे. स्वीडनमधल्या गोथेनबर्गचा बँड, १९९० ला सुरू झाला, १९९२ ते १९९५ मध्ये चार अल्बम काढले, त्यातला शेवटचा 'स्लॉटर ऑफ द सोल', सगळा मिळून जेमतेम ३४ मिनिटांचा, आणि १९९६ ला बँड बंद. नंतर काय झालं बघ, बँड नाही, टूर नाही, तरी तो अल्बम अमेरिकेतल्या पोरांमध्ये हातोहात फिरत राहिला आणि २००० नंतर तिकडं मेटलकोरची (मेटल आणि हार्डकोर पंकची सरमिसळ) जी लाट आली त्यातल्या कितीतरी बँडच्या रिफमध्ये (गिटारच्या परत परत येणाऱ्या तुकड्यांत) तीच ३४ मिनिटं ऐकू येतात. २००८ ला ते परत स्टेजवर आले तेव्हा बंद पडताना होतं त्याच्या कितीतरी पट मोठं नाव झालं होतं त्यांचं. म्हणजे होतं असं, खरंच होतं.

पण ते नाव वाढलं कारण मागं अल्बम होता! बँड नसताना तो अल्बम त्यांच्या वतीनं वाजत होता. तुझ्या पत्रात "दोनच, ती पण मोबाईलवर" हे तू मध्येच लिहून पुढं गेलास ना, मी तिथंच थांबलो. नऊ गाणी आणि रेकॉर्डिंग दोन, अशात तुम्ही उद्या बंद केलं तर मागं राहणार काय, पुण्यातल्या तीन शोला आलेल्या पोरांच्या आठवणी, आणि त्या पोरांची पण लग्नं होणारच आहेत.

दुसरी गोष्ट, सिंगरच्या डोक्यात जी यादी असेल ती परत तपासायला सांग. लवकर थांबलेले म्हणून आपण ज्यांची नावं घेतो त्यातले बरेचसे स्वतःहून थांबलेलेच नाहीत. लेड झेपेलिन १९८० ला थांबले, जॉन बॉनहॅम २५ सप्टेंबरला गेला आणि डिसेंबरात बाकीच्या तिघांनी सांगितलं की त्याच्याशिवाय नाही (ड्रमर गेला म्हणून एवढा मोठा बँड संपला, तू ड्रमर आहेस म्हणून मुद्दाम सांगतोय). पँटेरा २००३ ला फुटला भांडणानं, परत जुळेल अशी आशा होती आणि ८ डिसेंबर २००४ ला अमेरिकेतल्या कोलंबसमध्ये त्यांचा गिटारवाला डाइमबॅग डॅरेलला स्टेजवरच गोळी घातली. डेथ नावाच्या बँडचा चक शुल्डिनर ३४ व्या वर्षी ब्रेन ट्यूमरनं गेला. ह्याला लवकर रिटायर होणं म्हणत नाहीत रे, ह्यातल्या एकाचंही प्लॅनिंग नव्हतं, आणि पुढचे अल्बम ऐकायला मिळाले असते तर कुठल्याही चाहत्यानं ती लेजंड वगैरे आनंदानं सोडून दिली असती, मी तर नक्कीच.

आता उलटी बाजू बघू. ज्यूडास प्रीस्ट ह्या जुन्या ब्रिटिश बँडनं २०१० च्या शेवटी जाहीर केलं की पुढची वर्ल्ड टूर शेवटची. २०११ ला के. के. डाउनिंग बाहेर पडला, चाळीस वर्षांचा जुना गिटारवाला, कुणालाही वाटलं असतं आता झालंच. त्याच्या जागी रिची फॉकनर आला, तिशीतला, आणि त्या पोरानं बँडमध्ये जीव ओतला. २०१८ चा 'फायरपॉवर' ऐक, त्यांचा सिंगर रॉब हॅलफर्ड तेव्हा साठी ओलांडलेला, आणि आवाज कसा लागलाय. ठरल्याप्रमाणे थांबले असते तर हा अल्बम नाही, २०२४ चा पण नाही. माझं स्पष्ट मत आहे की प्रीस्टचं नाव ह्या शेवटच्या पंधरा वर्षांनी वाढवलं.

हां, लांबवण्यात धोका असतोच. मेटॅलिकानं १९९१ ला ब्लॅक अल्बम काढून तिथंच थांबायचं ठरवलं असतं तर २००३ च्या अल्बममधला तो डब्यासारखा वाजणारा स्नेअर (ड्रमसेटमधला कडक आवाजाचा ड्रम) कुणाच्याच कानावर पडला नसता, ड्रमर लोक अजून त्याच्यावरनं बोलतात, तू पण बोलला असशील. पण मग ३० ऑक्टोबर २०११ चा त्यांचा बेंगळुरूचा शो पण झाला नसता. आम्ही सोलापुरातनं उद्यान एक्सप्रेसनं बेंगळुरूला गेलो होतो, जनरलच्या डब्यात, सोबत शेंगा चटणी आणि कडक भाकरी. दोन दिवस आधी दिल्लीकडचा शो रद्द झालेला, त्यामुळं वाडीपासून गुंतकलपर्यंत सगळ्यांच्या पोटात गोळा की इथला पण होतोय की नाही. झाला. पॅलेस ग्राउंडवर पहिला रिफ वाजला तेव्हा माझ्या शेजारचा मित्र, सायझिंगमध्ये काम करणारा, ढसाढसा रडत होता. तीस वर्षांचा जुना बँड होता तो तेव्हा. फॉर्मात असतानाच बंद केलं असतं तर आमच्यापर्यंत पोहोचलेच नसते ते. बँडचा वारसा म्हणतात तो मला असल्या पोरांमध्ये पण दिसतो, नुसता अल्बमच्या रेटिंगमध्ये नाही.

आणि लवकर थांबायचंच म्हणशील तर सगळ्यात लवकर थांबायची पाळी टोनी आयोमीवर, म्हणजे पुढं ब्लॅक सॅबाथ ह्या बँडचा गिटारवाला झाला त्याच्यावर, आली होती. सतरा वर्षांचा असताना बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात मशीनमध्ये हात गेला आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, तो डावखुरा, म्हणजे तार दाबायचीच बोटं. तुझे वडील लूमवर होते म्हणजे असे हात तू आपल्या पूर्व भागात पाहिले असशील, मला वेगळं सांगायला नको. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या, पुढं ट्यूनिंग खाली आणलं म्हणजे तार सैल आणि दाबायला सोपी, आणि त्या सैल तारेचा जो जड आवाज आला त्यावर आज तुम्ही वाजवताय ते सगळं उभंय.

तर आता काम सांगतो. बंद करायचं की नाही हे आत्ता ठरवूच नका. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) आधी नऊच्या नऊ गाणी रेकॉर्ड करा. ड्रम एकदाच नीट, क्लिकवर (कानातल्या ठेक्याच्या टिकटिकीवर), किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअरला वेगळे माईक, खोलीत सतरंज्या-चादरी टांगा, त्याची आपल्या गावात काय कमी. गिटारवाल्याला पुण्याहून यायची पण गरज नाही, साधा ऑडिओ इंटरफेस (गिटार कॉम्प्युटरला जोडायचा डबा) घेऊन ॲम्पशिवाय कोरा सिग्नल रेकॉर्ड करून पाठवू दे, टोन नंतर लावता येतो. सिंगरचे आवाज लग्नाआधी उरकून घ्या. आणि नुसती एमपीथ्री ठेवू नका, प्रत्येक वाद्याचा ट्रॅक वेगळा, वेव्ह फाईलमध्ये, दोन हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरी. कुठलं गाणं कुणी लिहिलं, चाल कुणाची, हे कागदावर लिहून चौघांच्या सह्या घ्या, बँड तुटले की पहिलं भांडण त्यावरनंच होतं. एवढं झालं की मग बसा आणि ठरवा, तेव्हा सिंगरचं उत्तर कदाचित वेगळं असेल.

प्रश्न: माझा मुलगा मेटल ऐकतो, त्याच्यामुळं मला पण थोडं कळायला लागलंय. हे लोक 'शेवटचा शो' म्हणून तिकिटं विकतात आणि परत येतात, ही फसवणूक नाही का? त्यापेक्षा एकदाच थांबावं.
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर: काही वेळा आहे ताई, आणि मला पण राग येतो. मॉटली क्रूनं २०१४ ला पत्रकारांसमोर करारावर सह्या केल्या की परत टूर करणार नाही, २०१५ च्या ३१ डिसेंबरला शेवटचा शो केला आणि २०१९ ला परत येतोय म्हणून जाहीर. स्लेअरनं नोव्हेंबर २०१९ ला निरोप घेतला, २०२४ ला परत. शेवटचं दर्शन म्हणून पैसे साठवून गेलेल्या माणसाला वाईट वाटणारच, त्याची भावना खोटी ठरते.

पण ब्लॅक सॅबाथचं ऐका. त्यांनी फेब्रुवारी २०१७ ला बर्मिंगहॅममध्ये शेवटचा शो केला, सगळं रीतसर, फक्त मूळ ड्रमर बिल वॉर्ड त्यात नव्हता. तो निरोप मला कधी पूर्ण वाटलाच नाही. मग ५ जुलै २०२५, त्यांच्याच गावात व्हिला पार्क स्टेडियमला, सिंगर ऑझीला पार्किन्सन, उभं राहता येत नव्हतं म्हणून सिंहासनावर बसून गायला, आणि मागं ड्रमवर ह्या वेळी बिल वॉर्ड, म्हणजे मूळचे चौघं, वीस वर्षांनी एकत्र. सतरा दिवसांनी, २२ जुलैला, ऑझी गेला. तुमच्या मुलाबरोबर बसून त्या शोची क्लिप बघा, त्याला म्हणा बिल वॉर्ड दाखव.