शिक्कामोर्तबातलं मोर्तब

प्रश्न असा आहे: "'अमुक यांच्या उमेदवारीवर शिक्कामोर्तब' असं वर्तमानपत्रात सारखं वाचतो. शिक्का कळतो, पण मोर्तब म्हणजे काय? 'भाजीपाला'सारखी ही नुसती जोडी आहे का? आणि शिक्कामोर्तब 'झाला' म्हणायचं की 'झालं'?"

लिंगाचं आधी उरकू. शिक्का पुल्लिंगी, मोर्तब नपुंसकलिंगी आणि जोडशब्द शेवटच्या पदामागे जातो, म्हणून शिक्कामोर्तब झालं, केलं, व्हायचं आहे. 'शिक्कामोर्तब झाला' ही चूक कान शिक्क्यावरच अडकल्यामुळे होते.

आता मोर्तब. ही नुसती जोडी नाही. राजपत्रावर दोन वेगळ्या मुद्रा उठत. मोठी कागदाच्या माथ्यावर, मजकूर सुरू होण्याआधी, तो शिक्का. लहान मुद्रा मजकूर संपला की शेवटच्या अक्षरांना लागून, ते मोर्तब. शब्द अरबी 'मुरत्तब'वरून फारसीमार्गे आला. मुरत्तब म्हणजे रीतसर लावलेलं, सिद्ध झालेलं. जुन्या कागदांच्या शेवटी 'मोर्तब सूद' असा शेरा दिसतो, त्यातला 'सूद' हा फारसी 'शुद', म्हणजे 'झालं'. तेव्हा 'मोर्तब झालं' हे 'मोर्तब सूद'चं सरळ मराठी रूप आहे.

शिवाजी महाराजांचा शिक्का सगळ्यांना पाठ असतो: अष्टकोनी, 'प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता । शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते'. रांझ्याच्या पाटलाला शिक्षा दिल्याचं २८ जानेवारी १६४६ चं पत्र आहे, त्यावर तो आहे. तेव्हा महाराज सोळा वर्षांचेही पुरते नव्हते. मोर्तब मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहतं. त्यावर दोनच शब्द आहेत: 'मर्यादेयं विराजते', ही मर्यादा शोभते आहे. मर्यादा कसली, तर लेखनाची. इथे मजकूर संपला, यापुढे जे दिसेल ते आमचं नाही. पेशव्यांच्या मोर्तबावर तर अलंकार न करता सरळ 'लेखनसीमा' असंच कोरलेलं असे. माझ्या मते या दोन मोर्तबांइतकी नेमकी व्याख्या कुठल्या कोशात सापडणार नाही.

दोन मुद्रा कशाला, हे त्या काळचा कागद डोळ्यांपुढे आणला की कळतं. पत्र मोडीत, लिहिणारा कारकून, राजाची सही नाही. अक्षरावरून आज्ञा राजाची की लेखकाची हे ठरणं शक्य नव्हतं. माथ्यावरचा शिक्का 'हे कोण बोलतं आहे' ते सांगे. पण तेवढ्याने भागत नसे. पत्र संपवणाऱ्या 'जाणिजे' या शब्दाच्या खाली दोन बोटं कागद कोरा राहिला, तर तिथे 'आणि अमुक गावचं पाटीलपणही दिलें असे' एवढी ओळ घुसवायला कितीसा वेळ लागणार? मोर्तब त्या कोऱ्या जागेवर बसे. मजकूर मोठा असला तर बंदाला बंद, म्हणजे कागदाच्या तुकड्याला तुकडा, चिकटवून लांब पट्टी करत, त्यामुळे मधला बंद बदलण्याची भीती. म्हणून जोडावर मागच्या बाजूनेही मुद्रा उठवत. जोड उकलला की मुद्रा दुभंगते आणि पुन्हा चिकटवताना रेघ जुळत नाही. शिवाय दफ्तरात नोंद झाल्याचा 'बार सूद' हा शेरा आणि कागद तपासल्याच्या 'रुजू'सारख्या खुणा वेगळ्याच. अष्टप्रधानांची कामं ठरवून देणाऱ्या जाबत्यात, म्हणजे नियमपत्रात, पत्रांचा मजकूर तपासून अधिकउणं शुद्ध करणं हे सचिवाचं काम म्हणून लावून दिलेलं आहे.

म्हणजे राजा बोलला आणि हुकूम झाला, असं नव्हे. त्याच्या तोंडच्या शब्दाला कागदाची सगळी वाट चालावी लागे, आणि एकदा मोर्तब झालं की त्यात भर घालायची सोय त्यालाही उरत नसे. बदलायचं तर नवं पत्र, नवा शिक्का, नवं मोर्तब.

ही व्यवस्था कुठे कोलमडते तेही पाहण्यासारखं आहे. १६८९ मध्ये राजाराम महाराज दूर दक्षिणेत, तमिळ मुलखातल्या जिंजीला गेले, इकडचा कारभार 'हुकूमतपनाह' हा किताब देऊन रामचंद्रपंत अमात्यांकडे सोपवला गेला. राजा एकीकडे, कारभार दुसरीकडे, मध्ये मोगली फौजा. वतनदारांनी याचा पुरेपूर फायदा घेतला. एकजण इकडून वतनाची सनद मिळवी, त्याचा भाऊबंद जिंजीहून त्याच वतनाची दुसरी आणी. दोन्ही कागद अस्सल, दोन्हींवर मुद्रा खऱ्या! बनावट शिक्क्यापेक्षा असा दुहेरी खरा शिक्का निस्तरणं कितीतरी अवघड.

याच घरातला दुसरा शब्द 'शिक्केकट्यार'. पद दिलं की वस्त्रं, शिक्का आणि कट्यार देत, पद काढलं की शिक्केकट्यार परत घेत. पेशव्याच्या शिक्क्यात आधी छत्रपतीचं नाव असे, मग स्वतःचं: 'श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान'. छत्रपती बदलला की प्रधानाला नवा शिक्का कोरून घेणं भाग. पुढे सगळी सत्ता पुण्यात आली तरी वस्त्रं छत्रपतींच्या साताऱ्याहूनच यायची. १७७४ मध्ये सवाई माधवरावांना पुरंदरावर पेशवाईची वस्त्रं मिळाली तेव्हा ते चाळीस दिवसांचे होते. ज्याला मान धरता येत नाही अशा बाळाच्या नावाने बारभाईंचा, म्हणजे मुत्सद्द्यांच्या मंडळाचा, कारभार चालला, कारण चालत होता तो शिक्का.

गंमत म्हणजे शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, मुद्रा संस्कृतात कोरली, मोर्तबालाही 'मर्यादा' म्हटलं. लोकांच्या जिभेवर राहिलं ते मात्र शिक्कामोर्तबच.

वापरापुरतं सांगायचं तर 'जवळपास शिक्कामोर्तब' हा बातम्यांतला लाडका प्रयोग टाळावा. शेवटची मुद्रा एक तर उठलेली असते किंवा नसते. नाव नुसतं चर्चेत असेल तर 'नाव जवळपास नक्की' म्हणावं. 'त्याच्यावर चोराचा शिक्का बसला' इथे मोर्तब जोडू नये, तिथे शिक्का म्हणजे डाग. आणि प्रत्यय 'वर' हाच: निर्णयावर शिक्कामोर्तब. 'निर्णयाला शिक्कामोर्तब' हे 'निर्णयाला मान्यता'च्या वळणावर गेलेलं आहे, चूक आहे.