सहाव्या वर्षाची दाढ आणि रात्रीचा ब्रश

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा आहे. दाढ दुखते म्हणून त्याला दंतवैद्यांकडे नेले, तेव्हा खालची शेवटची दाढ किडली असून ती कायमची आहे, पुन्हा येणार नाही, असे कळले. आम्ही तिला दुधाचीच समजत होतो. तो सकाळी स्वतः ब्रश करतो आणि रात्री साखर घातलेले दूध पिऊन झोपतो. दुधाचे दात पडणारच असतात, त्यांची एवढी चिंता कशाला, असे सासूबाई म्हणतात. आता काय करावे? धाकटी मुलगी दोन वर्षांची आहे.
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : आपली चूक झाली असे मनाला लावून घेऊ नका, कारण ही दाढ बहुतेक आईवडिलांना अशीच चकवते. साधारण सहाव्या वर्षी ती दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता, हिरडीतून गुपचूप वर येते. दात पडला नाही म्हणजे नवा आला नाही, असे घरात सगळेच धरून चालतात. तिच्या माथ्यावर खोल, अरुंद खाचा असतात, ती उगवताना शेजारच्या दाढांपेक्षा खाली असल्यामुळे ब्रशचे केस तिच्यावरून नुसते सरकतात, आणि बिस्किटाचा लगदा त्या खाचांत रात्रभर बसून राहतो. कीड वरवरची असेल तर सिमेंट भरून दाढ वाचते. दुखू लागली आहे म्हणून मात्र उशीर करू नका. अशा दाढा एकूण चार असतात; उरलेल्या तीन निरोगी असतील, तर त्यांच्या खाचा बुजवणारे सीलंट लावून घेण्याविषयी दंतवैद्यांना अवश्य विचारा.

सासूबाईंचे म्हणणे अर्धेच खरे आहे. दुधाच्या मागच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात. त्या किडून लवकर काढाव्या लागल्या, तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दातांना जागा उरत नाही.

माझा खरा आग्रह रात्रीच्या ब्रशचा आहे. झोपेत लाळ फार कमी सुटते, आणि तोंडातले आम्ल सौम्य करून दातांचे रक्षण करणारी लाळच असते. म्हणून साखरेचे दूध जेवणाबरोबर द्या, त्यानंतर ब्रश, आणि ब्रशनंतर सकाळपर्यंत फक्त पाणी. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांच्या हाताला दात नीट घासण्याचे वळण आलेले नसते. तेव्हा त्याला आधी स्वतः करू द्या, मग तुम्ही करा. आरशासमोर मुलाच्या मागे उभे राहून त्याचे डोके आपल्या छातीशी टेकवा, एका बोटाने गाल बाजूला ओढा, आणि ब्रश गालाच्या बाजूने आडवा धरून सर्वांत मागच्या दाढेवर फिरवा. एकूण दोन मिनिटे लागतात. मुलीचे याच वेळी वरचे ओठ उचलून पाहत जा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात असते, आणि त्या टप्प्यावर फ्लोराईडने ती थांबवता येते. तिच्यासाठी फ्लोराईडयुक्त पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच घ्यावी, तीन ते सहा वर्षांपर्यंत मटारच्या दाण्याएवढी. पेस्ट थुंकायला शिकवा, पण नंतर भरपूर चुळा भरायला लावू नका, कारण फ्लोराईड दातांवर राहणे हाच तिचा उपयोग आहे.

प्रश्न : वडील 62 वर्षांचे, मधुमेही आहेत. ब्रश केला की हिरड्यांतून रक्त येते म्हणून त्यांनी ब्रश सोडून बोटाने मंजन लावणे सुरू केले. दात साफ करून घेतले तर ते हलू लागतात, असे त्यांना वाटते. पूर्वी ते खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खात. आता नुसती सुपारी खातात.
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : रक्त ब्रशमुळे येत नाही, हिरडीच्या कडेला साचलेल्या थराने ती सुजलेली असते म्हणून येते. ब्रश सोडला की थर वाढतो, सूज वाढते आणि रक्तही वाढते. मऊ केसांचा ब्रश हिरडीकडे तिरका धरून हलक्या हाताने चालू ठेवावा. किटण, म्हणजे दातांवर कडक झालेला थर, काढल्यावर दात हलल्यासारखे वाटतात याचे कारण असे, की हाड आधीच झिजलेले असते आणि त्यामुळे दातांमध्ये पडलेल्या फटी किटणाने भरून काढलेल्या असतात. मधुमेह ताब्यात नसेल तर हिरड्यांचा आजार बळावतो, आणि हिरड्या सुजलेल्या असतील तर साखरही सहज आटोक्यात येत नाही. त्यामुळे दोन्ही डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात. खर्च अडचणीचा असेल, तर नागपुरात मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) परिसरातील शासकीय दंत महाविद्यालयात ही सफाई होते.

सुपारीविषयी मात्र मला अधिक काळजी वाटते. तंबाखू सोडल्याबद्दल वडिलांचे मनापासून कौतुक करा, पण नुसत्या सुपारीनेही गालाच्या आतील त्वचा ताठ होऊन तोंड उघडणे कमी होत जाते आणि पुढे कर्करोगाचा धोका राहतो. वडिलांना स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात घालून पाहायला सांगा. ती जात नसतील, तिखट भाजी झोंबत असेल किंवा पंधरा दिवसांत न भरणारी जखम असेल, तर याच आठवड्यात तपासणी करून घ्या.

प्रश्न : संत्र्यांच्या हंगामात आमच्याकडे दिवसभर संत्री खाल्ली जातात. खाल्ल्यावर लगेच ब्रश करावा का?
— एक वाचक, काटोल

उत्तर : लगेच करू नये. आंबट रसाने दातांचे वरचे कवच काही काळ मऊ पडते आणि त्यावर ब्रश घासल्यास ते झिजते. साध्या पाण्याने चूळ भरावी आणि ब्रश अर्ध्या तासाने करावा. दिवसभर एकेक फोड तोंडात टाकत राहण्यापेक्षा जेवणानंतर एकदाच बसून संत्री खाल्लेली बरी.