चोर आधीच दाखवला तर?

प्रश्न : मी आठवीत आहे. शाळेतला करंडक चोरीला जातो, अशी रहस्यकथा मी लिहिली. शेवटी सापडणारा चोर कथेत आधी कुठेच येत नाही. मैत्रिणी म्हणतात, ‘ही फसवणूक आहे.’ पण तो आधी दाखवला तर रहस्य उरेल कसं?

उत्तर : मैत्रिणींचं म्हणणं मलाही पटतं. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यातला पहिलाच असा, की गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागात येऊन गेलेला असावा; मात्र त्याच्या मनातले विचार वाचकाला कळता कामा नयेत.

तेव्हा चोराला खुशाल वावरू दे. लपवायचा आहे तो धागा, तोही वाचकाच्या डोळ्यांसमोर. समजा, धो धो पाऊस पडतोय आणि चोर म्हणतो, ‘मी आत्ताच आलो.’ पण त्याची छत्री कोरडी आहे. हे वेगळ्या वाक्यात सांगितलंस, तर कुणीही ताडेल. त्याऐवजी लिही : ‘कोपऱ्यात दोन दप्तरं, एक कोरडी छत्री आणि चिखलाने बरबटलेले बूट पडले होते.’ वाचक बुटांमागे धावतो. छत्री कुणाची, हा प्रश्न पुढे बऱ्याच पानांनी तुझ्या नायिकेला पडू दे.

संशयित तीन-चार पुरेत, प्रत्येकाकडे चोरीचं पटेल असं कारण हवं. आणि उलगडा मुलांनीच करायचा! ऐनवेळी मोठ्या माणसांनी येऊन सगळं सांगून टाकलं, की मला फार वाईट वाटतं.

नवा खर्डा लिहिताना शेवटचं प्रकरण आधी लिही, मग मागे जाऊन धागे पेर.