बार्बेक्यू नेशन की एबीज? चौदा जणांना कुठे न्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुढच्या महिन्यात आईबाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत. घरची १४ माणसं, त्यात सहा शाकाहारी आणि तीन पोरं. पुण्यातच जेवायला न्यायचंय, तर बार्बेक्यू नेशन बरं की एबीज, म्हणजे अ‍ॅब्सोल्युट बार्बेक्यूज?

मी हिंजवडीतल्या एका कंपनीत अ‍ॅडमिनला आहे. टीम लंच ठरवणं, टेबल सांगून ठेवणं, कोण कुठल्या वारी काय खात नाही याची यादी सांभाळणं आणि शेवटी बिल तपासणं, सगळं माझ्याकडे. या दोन्ही ठिकाणी इतक्यांदा जेवलेय की घरी कोणी पनीर टिक्क्याचं नाव काढलं की मी कुकरला वरणभात लावते. माझा अधिकार म्हणाल तर एवढाच.

आधी त्या निखाऱ्यांचं सांगते. सासूबाईंना पहिल्यांदा नेलं तेव्हा टेबलाच्या मधोमध पेटलेला कोळसा बघून त्या म्हणाल्या, "एवढे पैसे द्यायचे आणि भाजायचं आपणच?" वरकरणी तसंच दिसतं. वेटर सळया आणून शेगडीवर ठेवतो, शेजारी सॉसच्या वाट्या आणि ब्रश असतो, आणि आपण मोठ्या हौसेने सळई फिरवत बसतो. पण भाजायचं काम मुदपाकखान्यात जवळजवळ उरकलेलं असतं. कोंबडीच्या तुकड्याचं आतलं तापमान ७४ अंश सेल्सिअसपर्यंत जावं लागतं, तरच ती खाण्याजोगी होते. टेबलावरच्या मंद निखाऱ्यावर कच्चा तुकडा तसा शिजायचा म्हटला तर पहिली सळई हाती यायलाच बराच वेळ जाईल, आणि तोवर पोरं निम्मं हॉटेल पालथं घालतील. कोरियन किंवा जपानी पद्धतीत पातळ कापलेलं कच्चं मांस खरोखरच टेबलावर भाजतात. इथली शेगडी मुख्यतः गरम ठेवायला आणि थोडा धुरकट वास द्यायला. म्हणून सळई आली की लगेच तुकडे काढून खा. पनीर आणि कोळंबी गप्पांच्या नादात निखाऱ्यावर राहिली की पाच-सात मिनिटांत चिवट होतात, आणि मग लोक हॉटेलला नावं ठेवतात.

आता दोघांमधला फरक. बार्बेक्यू नेशन थोरलं. २००६ साली मुंबईत सुरू झालं, टेबलावरच्या शेगडीची सवय आपल्याकडे बऱ्याच जणांना त्यांनीच लावली, आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये कंपनी शेअर बाजारातही आली. एबीज हैदराबादचं, २०१३ सालचं. मांडणी बरीचशी सारखी: माणशी ठरलेला दर, त्यात हवं तितकं खायचं. आधी शेगडीवर सळया, मग बुफेत बिर्याणी, भाज्या, आमट्या, आणि शेवटी गोडाचा काउंटर. टेबलावर छोटा झेंडा असतो. तो उभा आहे तोवर सळया येत राहणार, खाली केला की थांबणार. आपल्या पंगतीत पानावर दोन्ही हात आडवे धरून "नको, नको" म्हणतात, त्याचंच हे रूप. फरक इतकाच, की पंगतीतला वाढपी हातांच्या फटीतूनही जिलबी टाकतो, इथे मात्र झेंडा पाडला की विषय संपला.

एबीजची खासियत म्हणजे 'विश ग्रिल'. काउंटरवर मुरवलेले प्रकार मांडलेले असतात. आपण आपल्याला हवं ते निवडायचं, कुठल्या सॉसमध्ये करायचं ते सांगायचं, आचारी समोर भाजतो आणि मग ते आपल्या टेबलावर येतं. नेहमीच्या चिकन-मासळीपलीकडचे प्रकारही तिथे असतात, टर्की, बटेर, स्क्विड यांसारखे. रोज सगळंच असतं असं नाही, दिवस आणि शाखा बघून बदलतं. आमच्या टीममध्ये रत्नागिरीकडचे दोन मुलगे आहेत, ते त्या काउंटरसमोरून हलतच नाहीत. मासे-मटणाची खरी आवड आणि नवं चाखायची तयारी असलेले चार-सहा जण असतील तर मी डोळे झाकून एबीज सांगेन. तेवढ्या काउंटरवर पैसे वसूल.

बार्बेक्यू नेशनचं बलस्थान वेगळं आहे. तिथे शाकाहारी माणसाला 'मी पण आलोय बरं का' असं वाटत नाही. छोटे बटाटे तळून वर गार, आंबट-तिखट सॉस ओतलेले ते केजन बटाटे, कुरकुरीत मका, मश्रूम, भाजलेला अननस. लोक या बटाट्यांसाठी जातात म्हटलं तरी चालेल. शेवटी कुल्फीचा काउंटर. आमच्या ऑफिसात कट्टर मांसाहारी माणूस डब्यातल्या बटाट्याकडे ढुंकून बघत नाही, पण इथे तिसऱ्यांदा केजन मागवतो.

आणि इथेच बुफेवाल्याचं गणित आहे. बटाटा आणि मका स्वस्त, पोट भरणारे, आणि तेच सगळ्यांत आधी येतात. त्यांच्यावर सूप आणि थंड पेय घेतलंत तर कोळंबी येईपर्यंत कमरेचा पट्टा सैल करायची वेळ येते. यात हॉटेलची लबाडी आहे असं मी म्हणत नाही, आपल्याकडे जेवणावळीत आधी भात वाढायचे तेही काही निव्वळ शास्त्र म्हणून नसावं. तुम्ही फक्त पहिली फेरी हलकी ठेवा. बटाटे दोन, मका एक चमचा, बस. बुफेत काय आहे ते ताट न घेता एकदा फिरून बघून या आणि मगच ठरवा. आमच्याकडे नव्याने आलेली मंडळी हमखास आधी सळयांवर तुटून पडतात, आणि बिर्याणीपाशी पोहोचतात तेव्हा नुसती तिच्याकडे बघतात.

शाकाहारी माणसाला हा सौदा तसा महागच पडतो. शाकाहारी आणि मांसाहारी दरांत फरक असतो, पण मटण आणि पनीर यांच्या बाजारभावात जितका असतो तितका नाही. तुमच्याकडे सहा जण तसे आहेत, म्हणजे हा खर्च गृहीत धरा. दर दोन्हीकडे जवळपास एका पट्ट्यात असतात आणि वार, वेळ, शाखा बघून बदलतात. आठवड्यातल्या कामाच्या दिवसाची दुपार सगळ्यांत स्वस्त, शनिवार-रविवारची रात्र सगळ्यांत महाग. जेवण साधारण तेच. लग्नाचा वाढदिवस नेमका त्याच तारखेला साजरा करायचा हट्ट नसेल तर एखाद्या बुधवारी दुपारी जा. वेटरलाही तुमच्याकडे बघायला वेळ असतो, आणि रात्रीच्या दुसऱ्या पाळीतली मंडळी दारात उभी राहून तुमच्या कुल्फीकडे बघत नाहीत. बुधवार मी सहज म्हटला नाही. आमच्या यादीत मंगळवार, गुरुवार आणि शनिवार कुणी ना कुणी मांसाहार करत नाही, आणि श्रावणात तर अर्धं टेबल पालटतं. तुमच्या घरात काय आहे ते आधी विचारून घ्या.

जाहिरातीतला आकडा आणि बिलातला आकडा एक नसतो. वर ५ टक्के जीएसटी, पाण्याची बाटली आणि थंड पेयं बहुधा वेगळी. सेवा शुल्क लावलं असेल तर ते ऐच्छिक आहे: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशा सूचना काढल्या, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. नको असेल तर शांतपणे काढायला सांगा, भांडायची गरज नाही. वेटर मनापासून राबला असेल तर त्याच्या हातात द्या, तेच बरं.

आता तुमच्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचं, आणि हे बहुतेक जण विचारतच नाहीत: शेगड्या किती? अशाच एका ठिकाणी (नाव सांगत नाही, आणि या दोघांपैकीच असेल असंही धरू नका) आम्ही अकरा जण गेलो होतो. सांगूनही एकाच शेगडीवर चिकनच्या सळईला लागून पनीरची सळई ठेवली. आमच्या हिशेबनीस ताई कडक शाकाहारी. त्या काही बोलल्या नाहीत, दहीभात घेतला आणि उठल्या. दुसऱ्या दिवशी मला त्यांच्याकडे बघवेना. तेव्हापासून मी फोनवरच सांगते: शाकाहारी मंडळी एका टोकाला, त्यांची शेगडी वेगळी, सॉसचे ब्रश वेगळे. १४ जणांना दोन-तीन शेगड्या लागतीलच, म्हणजे हे सहज जमतं, फक्त बसण्याआधी जमतं. एकदा माणसं बसली की कुणी उठत नाही. घरात कुणी कांदा-लसूण न खाणारं असेल तर तेही आदल्या दिवशी सांगा, कारण मुरवलेला मसाला ऐनवेळी बदलता येत नाही. आणि पोरांना शेगडीला लागून बसवू नका. निखारा दिसतो म्हणून मुलं त्याला हात लावत नाहीत, कडेच्या तापलेल्या पत्र्याला लावतात.

तर माझं मत: तुमच्या १४ जणांना बार्बेक्यू नेशन. सहा शाकाहारी, तीन मुलं आणि दोन सत्कारमूर्ती असताना विश ग्रिलपाशी उभं राहून सॉस निवडत बसायला कुणाला सवड मिळणार? एबीजला नंतर कधीतरी भावंडं-मेहुणे मिळून जा, तेव्हा ते खरं खुलेल. हेही सांगते, की एकाच नावाच्या दोन शाखांत कधीकधी या दोन नावांत आहे त्याहून जास्त फरक असतो. म्हणून जी शाखा ठरवाल तिथे आधी दोघं-तिघं जाऊन एकदा जेवून या.

केकचंही फोनवरच विचारून घ्या. आणि आईबाबा जरा बुजरे असतील तर गाणं नको असंही सांगून ठेवा. अशा ठिकाणी प्रसंग कळला की सगळे वेटर गोळा होतात, टाळ्या, गाणी, थोडा नाचही होतो. आमच्या एका साहेबांच्या पन्नाशीला मी न सांगता हे ठरवलं होतं. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा साहेब हात धुवायला गेले होते, ते गाणं संपेपर्यंत बाहेरच आले नाहीत. केक शेवटी मीच कापला.