वर्डप्रेस ब्लॉगवर फोटो मांडणाऱ्या गॅलरी प्लगइनचा (वरून बसवायच्या जोड-सॉफ्टवेअरचा) पहिला रिव्ह्यू लिहिताय?

भावा, फीचर्स मोजत बसू नकोस. ती यादी प्लगइनवाल्यानेच दिलेली असते. सुरुवातीला एवढंच बघ:

१. वेग. डेमोतले फोटो आधीच हलके केलेले असतात, तिथं काहीही पळतं. तू कासच्या पठारावरचे स्वतःचे वीस-पंचवीस फोटो टाक आणि वायफाय बंद करून साध्या मोबाईलवर पान उघड. ठोसेघरच्या वाटेवर रेंजची एकच काडी असताना उघडलं, तर निम्मं काम झालं. थंबनेलच्या (छोट्या नमुना-फोटोच्या) जागी पाच एमबीचा मूळ फोटोच लोड होत नाही ना, हे नक्की तपास. नवखे इथेच फसतात, घरच्या वायफायवर बघून 'झकास' लिहून मोकळे! आणि लेझी लोडिंगचं (पान खाली सरकवशील तसे फोटो लोड होण्याचं) फार कौतुक नको, वर्डप्रेसमध्ये ते २०२० पासून आयतंच आहे.

२. प्लगइन बंद करून बघ. बऱ्याचदा फोटो गायब होतात आणि पानावर चौकटी कंसातला शॉर्टकोड (प्लगइनला 'इथे गॅलरी दाखव' सांगणारा मजकूर) उघडा पडतो. काही प्लगइन तर फोटो वर्डप्रेसच्या मीडिया लायब्ररीत (अपलोड केलेल्या फाइल्सच्या साठ्यात) ठेवतच नाहीत, स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवतात. माझ्या मते रिव्ह्यूत सगळ्यात मोलाची माहिती हीच, आणि नेमकी तीच कुणी लिहीत नाही.

३. शेवटचं अपडेट कधीचं?

हे सगळं चाचणीच्या साइटवर कर, चालू ब्लॉगवर नको. फुकटची आवृत्ती वापरली असशील तर तसं स्पष्ट लिही. वर्डप्रेसच्या साध्या गॅलरी ब्लॉकशी तुलनाही कर, कित्येकांचं तेवढ्यावर भागतं. सीडीएन (वाचकाजवळच्या सर्व्हरवरून फोटो पुरवणारी सेवा), वॉटरमार्क वगैरे नंतर बघू.