खोपोली एक्सप्रेस-वेमुळे वाढली का? आणि तिथे प्लॉट घ्यावा का?

प्रश्न असा आहे: "खोपोली एक्सप्रेस-वेमुळे वाढलेलं गाव आहे ना? मग आता तिथे प्लॉट घेऊन ठेवावा का?"

पहिलं वाक्यच चूक आहे, म्हणून आधी त्याचं उत्तर देतो. मुंबई-पुणे एक्सप्रेस-वे पूर्ण झाला 2002 मध्ये. त्याच्या 87 वर्षं आधी, 1915 मध्ये, टाटांचं वीजघर खोपोलीत चालू झालं होतं आणि मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर फिरत होत्या. खोपोली रस्त्याने वाढवली नाही, पाण्याने वाढवली.

लोणावळा, वळवण आणि शिरवता या तलावांचं पाणी मुळात इंद्रायणीचं. उताराप्रमाणे ते देहू-आळंदीकडे जायचं. ते अडवून खंडाळ्याच्या कड्यापर्यंत आणलं आणि लोखंडी नळांतून सुमारे 500 मीटर खाली खोपोलीत सोडलं. वीजघरातली पेल्टन चाकं (पाण्याच्या झोताने फिरणारी) फिरवून झाल्यावर तेच पाणी पाताळगंगेत पडतं. म्हणून ही नदी एप्रिल-मे मध्येही वाहते, आणि म्हणूनच खाली रसायनीपर्यंत कारखाने उभे राहिले. कोकणातल्या इतर ओढ्या-नद्यांची उन्हाळ्यातली अवस्था आठवा, म्हणजे फरक कळेल.

रेल्वेनेही खोपोली वाढवली नाही. 1856 मध्ये गाडी खोपोलीपर्यंत आली. घाट पालखीने किंवा तट्टावरून चढायचा आणि 1858 पासून वर खंडाळ्याला पुढची गाडी धरायची. 1863 मध्ये बोरघाटाचा लोहमार्ग सुरू झाला, तो मात्र पळसदरीवरून. "खोपोलीला डावललं" असं आजही ऐकायला मिळतं. डावललं वगैरे काही नाही, हिशोब करून बघा. घाटातला कमाल चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे गेल्यावर 1 मीटर वर. 500 मीटर चढायचे तर किमान साडेअठरा किलोमीटर रूळ हवेत. खोपोलीच्या डोक्यावर तर कड्याची भिंतच उभी आहे, तेवढी लांबी आणायची कुठून? पळसदरीकडून डोंगराची सोंड धरून हळूहळू चढता येतं. म्हणून जंक्शन कर्जत झालं आणि खोपोलीला फाटा राहिला. तो आजही एकेरी आहे. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, मग खोपोली. एकेरी मार्गावर गाड्या वाढवायला मर्यादा असते, त्यामुळे "लोकल आहे, रोज सीएसएमटीला जाईन" या भरवशावर घर घेऊ नका.

आता प्लॉट. जानेवारीत बघून सौदा करणारे फसतात. जुलैमध्ये, सलग चार दिवस पाऊस झाल्यावर जा. आपला डोंगर म्हणजे काळ्या पाषाणाचे थर, अधूनमधून तांबड्या मातीचे पट्टे. पाणी भेगांतून खाली उतरतं, त्या पट्ट्यावर अडतं आणि आडवं बाहेर पडतं. प्लॉटच्या मागच्या उतारावर गढूळ पाझर दिसला, झाडांचे बुंधे खालच्या बाजूला कललेले दिसले, पायाखाली माती आणि सुटे दगडगोटे असले, तर परत फिरा. तो खडक नाही, वरून घसरून आलेला ढिगारा आहे. इर्शाळवाडीही खोपोलीच्याच खालापूर तालुक्यातली. 19 जुलै 2023 च्या रात्री तिथे दरड कोसळून काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

बिल्डर उतार उभा कापतो आणि भिंत घालून मोकळा होतो. त्या भिंतीत पाणी निघायला भोकं आहेत का ते बघा, आणि भर पावसात त्यांतून पाणी येतंय का तेही बघा. भोकं कोरडी आणि भिंतीला फुगवटा, म्हणजे मागे पाणी तुंबलंय.

नदीकाठचा प्लॉट असेल तर पूररेषेचा नकाशा मागा. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नाही, ती 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लाल 100 वर्षांतल्या पुराची, तिथे अटी लागतात. एजंट "पाणी कधीच आलं नाही" म्हणेल. पलीकडच्या काठावरच्या झुडपांत किती उंचीवर प्लॅस्टिक अडकलंय तेवढं बघा. आणि पोरं नदीत उतरणार असतील तर एवढं ध्यानात ठेवा, वीजघर चालू झालं की पाऊस नसतानाही पाणी चढतं.

हे सगळं डोंगराच्या आणि नदीच्या कडेच्या जागांबद्दल. गावातल्या सपाट भागात, कारखान्यात नोकरी असलेल्याने फ्लॅट घेतला तर माझी काही हरकत नाही. भाव किती वाढेल ते मी सांगणार नाही. पण "एक्सप्रेस-वेमुळे वाढतंय" एवढंच कारण देऊन कोणी प्लॉट गळ्यात मारत असेल, तर पावसाळ्यात त्यालाच बरोबर घेऊन त्या जागेवर उभं राहा.